२०१८ चं स्टोनर रॉक: एकच आल्बम घ्यायचा तर कुठला?

वर्षातले आवडते आल्बम डिसेंबरातच ठरवून टाकायची घाई मला कधी झेपली नाही. ऑक्टोबरात आलेला आल्बम तोवर कानात नीट मुरलेलाही नसतो आणि जानेवारीतला विस्मरणात गेलेला असतो. त्यातून स्टोनर रॉक, म्हणजे जड, घुमणाऱ्या गिटारचं रॉक, ही जातच सावकाश मुरणारी. म्हणून मी वर्ष जाऊ देतो, वर आणखी काही वर्षं जाऊ देतो, आणि मग बघतो की हात अजून कशाकडे जातो. या हिशेबात माझ्याकडे २०१८ ला तोड नाही. त्या वर्षी या पंथातली बडी मंडळी ठरवून आल्यासारखी एकामागोमाग आली. जानेवारीत करोजन ऑफ कन्फॉर्मिटी, फेब्रुवारीत फू मांचू, मार्चमध्ये अर्थलेस, एप्रिलमध्ये स्लीप, जूनमध्ये यॉब, सप्टेंबरात क्लच आणि ऑल देम विचेस. ५ ऑक्टोबरला तर हाय ऑन फायर आणि विंडहँड एकाच दिवशी. कुठलं आधी ऐकायचं हा तेव्हा खरोखरच प्रश्न होता.

तो प्रश्न आज तुम्हाला पडला असेल, म्हणजे या संगीताबद्दल ऐकून आहात, एखाद-दोन आल्बम घ्यायचे आहेत, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. आल्बमना गुण देत बसणार नाही. एकच रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारा सुरांचा छोटा तुकडा, किती वेळ ऐकत बसायची तुमची तयारी आहे, यावर सगळं ठरतं असं माझं मत झालंय. ज्याला चार मिनिटांत गाणं संपलेलं हवं, त्याच्या हातात अठरा मिनिटांचं गाणं दिलं तर तो त्या आल्बमलाही नावं ठेवणार आणि मलाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. एका मित्राला मी मोठ्या उत्साहाने सुरुवातीलाच स्लीप ऐकवलं. पहिल्या तीन मिनिटांत नुसता अँप्लिफायरचा घुमारा ऐकून त्याने विचारलं, "तुझा स्पीकर बिघडलाय का?" त्यानंतर त्याने या विषयावर माझं काहीही ऐकलेलं नाही. चूक माझीच. आल्बम उत्तम होता, क्रम चुकला.

नावाने बिचकू नका. "स्टोनर" हा शब्द गांजाच्या नशेवरून आला हे खरं, आणि काही बँड तिचा उदोउदोही करतात. पण ऐकायला नशा लागत नाही. मी आजवर कोराच ऐकत आलोय. लागतो तो जरा चांगला आवाज, आणि त्याबद्दल पुढे बोलतो.

थोडी पूर्वपीठिका सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढची तुलना हवेत राहील. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात काम करताना कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. १९७१ च्या "मास्टर ऑफ रिॲलिटी" आल्बमात त्याने तारा तीन अर्धसूर खाली उतरवल्या. तारा सैल पडल्या, आणि गिटारचा आवाज जो खर्जात गेला त्यावर हा अख्खा पंथ उभा आहे. पुढे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, पाम डेझर्टच्या आसपास, पोरं जनरेटर लावून उघड्यावर वाजवायची. त्यातूनच कायस हा बँड वर आला. त्यांचा जॉश होमी गिटार चक्क बासच्या अँप्लिफायरमधून वाजवायचा. त्यांचा १९९२ चा "ब्लूज फॉर द रेड सन" ऐकला की स्टोनर म्हणजे काय ते व्याख्येविना कळतं. रिफ तोच तोच, तारा उतरवलेल्या, आणि वर फझ. फझ म्हणजे गिटारचा आवाज इतका फुगवायचा की ध्वनिलहरीचे शेंडे सपाट छाटले जातात. मग साधा एक सूरही भरड, केसाळ ऐकू येतो, आणि थांबवला तरी मागे गुरगुरत राहतो. ख्याल ऐकणाऱ्याला हे सांगायला सोपं जातं. विलंबितात गवई एकाच जागेभोवती घोटाळत राहतो तेव्हा आपण कुठे म्हणतो की आता पुढे चल? इथेही तसंच बसायचं असतं.

एकच हात, दोन आल्बम

२०१८ ची खरी जुगलबंदी एका माणसाची स्वतःशीच होती. मॅट पाइक हा स्लीपचा गिटारवादक, आणि हाय ऑन फायरचा गिटारवादकही आणि गायकही. एप्रिलमध्ये स्लीपचा "द सायन्सेस" आला, ऑक्टोबरात हाय ऑन फायरचा "इलेक्ट्रिक मसाया". दोन्ही पंचावन्न मिनिटांच्या आगेमागे. दोन्हीकडे गिटार उतरवलेली, सर्वांत जाड तार नेहमीच्या ई सुराऐवजी खालच्या सी सुरावर. तोच हात, तोच खर्ज. तरीही दोन आल्बम लागोपाठ लावले तर एकाच माणसाने वाजवलेत यावर विश्वास बसत नाही.

आधी स्लीप. सॅन होजेच्या या तिघांनी नव्वदच्या दशकात तासाभराहून लांब असं एकच गाणं रेकॉर्ड करून कंपनीला दिलं. कंपनीने ते काढायला नकार दिला आणि बँडच फुटला. ते गाणं पुढे १९९९ मध्ये "जेरुसलेम" आणि २००३ मध्ये "डोपस्मोकर" या नावांनी बाहेर आलं आणि पंथाचा धर्मग्रंथ होऊन बसलं. बँड पुन्हा जमला, पण नवा आल्बम काही येईना. मधे २०१४ मध्ये एक सुटं गाणं आलं, तेवढंच. आणि मग २० एप्रिल २०१८ ला, आदल्या दिवसापर्यंत कोणाला पत्ता नसताना, रॉक गायक जॅक व्हाइटच्या थर्ड मॅन रेकॉर्ड्स या कंपनीकडून "द सायन्सेस" थेट समोर आला. ही तारीख गांजावाल्यांचा सणच, तेव्हा योगायोग म्हणायला जागा नाही. ड्रम्सवर आता न्यूरोसिस बँडचा जेसन रोडर होता, बास आणि गाणं पहिल्यापासूनचा ॲल सिस्नेरोस.

सहा गाणी. पहिलं म्हणजे तो मघाचा घुमारा. दुसऱ्याची सुरुवात चिलमीच्या बुडबुड्यांनी, आणि मग जो रिफ पडतो तो दारात ट्रक येऊन उभा राहिल्यासारखा. माझा जीव मात्र "अंटार्क्टिकन्स थॉड" या गाण्यावर. चौदा मिनिटं. रिफ असा काही चालतो की प्रत्येक पाऊल उचलायला वेळ लागतोय आणि ठेवायला त्याहून जास्त. शब्द यायला कितीतरी वेळ जातो, आणि येतात तेव्हा सिस्नेरोस ते गात नाही, मंत्र म्हटल्यासारखे एका सुरावर म्हणतो. एकदा मी घड्याळ लावून बघितलं होतं की आपलं लक्ष कधी ढळतं. घड्याळाकडे बघायचंच राहून गेलं. "गीझा बटलर" या गाण्याच्या नावातच ब्लॅक सॅबथच्या बासवादकाला केलेला नमस्कार आहे. पिरॅमिडचं गाव आणि गीझर बटलर, दोन्ही एका शब्दात. ते गाणं आधी एकट्या बासच्या शांत चालीवर रेंगाळतं आणि मग कोसळतं.

एक तक्रार. "सॉनिक टायटन" हे गाणं जुन्या चाहत्यांना २००३ पासून प्रत्यक्ष मैफलीतल्या ध्वनिमुद्रणातून माहीत होतं, आणि "अंटार्क्टिकन्स थॉड"ही मैफलींत वर्षानुवर्षं वाजत होतं. म्हणजे इतक्या वर्षांनी आलेल्या आल्बमात अगदी नवं असं थोडंच. मला याचं फारसं वाईट वाटलं नाही. मुरलेलं लोणचं बरणीतून काढलं म्हणून कोणी तक्रार करत नाही.

आता "इलेक्ट्रिक मसाया". इथे पाइक ओरडतो. आणि धावतो. जेफ मॅट्झचा बास आणि डेस केन्सेलचे ड्रम्स असे की एखाद्या सैन्याची रसद मागून ढकलतेय. केन्सेल झांजांपेक्षा टॉमवर, म्हणजे खोल आवाजाच्या ड्रम्सवर, जास्त खेळतो, त्यामुळे ठेका चकाकत नाही, गडगडतो. शीर्षकगीत मोटरहेड बँडचा गायक लेमी याच्यावर आहे. लेमी डिसेंबर २०१५ मध्ये गेला. पाइकची त्याच्याशी सतत तुलना व्हायची, आणि मग पाइकला स्वप्न पडलं की लेमी आपली खिल्ली उडवतोय. त्यातून हे गाणं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला सर्वोत्तम मेटल सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. या कोपऱ्यातल्या बँडला ग्रॅमी म्हणजे आम्हाला घरातलं कोणीतरी बोर्डात आल्यासारखं झालं होतं.

पण गंमत अशी की मी ते गाणं आता क्वचितच लावतो. लावतो ते दुसरं, "स्टेप्स ऑफ द झिगुरात / हाउस ऑफ एनलिल", सुमेरियन पुराणकथांचं, नऊ मिनिटांचं. तिथे हाय ऑन फायर जरा श्वास घेतात. बाकी आल्बमभर निर्माता कर्ट बलूने आवाज असा घट्ट आवळून ठेवलाय की नऊ गाण्यांनंतर माणूस दमतो. दमणं हाच ज्यांचा आनंद आहे त्यांना हे वैगुण्य वाटणार नाही. थ्रॅश, म्हणजे वेगवान मेटल, किंवा मोटरहेड आवडत असेल तर तुमचं दार हेच. मात्र याला निखळ स्टोनर म्हणायला माझी जीभ अडखळते. वाळवंटातून निघालेला हा माणूस भलत्याच युद्धावर गेलाय.

दोघांत निवड? ग्रॅमी एका बाजूला आहे, माझी पसंती दुसऱ्या. स्लीपचा आल्बम मी आजही शेवटपर्यंत ऐकतो, हाय ऑन फायरचा तुकड्यांत. पण पहिला आल्बम म्हणून विचारलंत तर दोन्ही नको. तो धडा मी मित्राबरोबर शिकलोय.

गाणं लवकर संपायला हवं असेल तर

मग येतात फू मांचू आणि क्लच. दोघांचाही जन्म नव्वदच्या सुमाराचा, दोघेही स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीतून आल्बम काढणारे, दोघांनाही विनोदाचं वावडं नाही. तरी चव वेगळी.

क्लच मेरिलँडचे. १९९१ पासून तेच चौघे, जे रॉकमध्ये जवळपास चमत्कारात मोडतं. "बुक ऑफ बॅड डिसिजन्स" ७ सप्टेंबरला आला, व्हान्स पॉवेलने तो नॅशव्हिलमध्ये रेकॉर्ड केला. पंधरा गाणी, बहुतेक तीन-चार मिनिटांची. नील फॅलन हा गायक कमी आणि कीर्तनकार जास्त. शब्द असे चावून, थांबून, डोळे मिचकावून फेकतो की न समजणाराही मान डोलावतो. एका गाण्यात ब्रास वाद्यं येतात आणि थेट फंक, म्हणजे नाचरा ठेका, सुरू होतं. दुसऱ्या एका गाण्यात हा माणूस खेकड्याच्या टिक्कीची पाककृती गातो, साहित्य आणि कृतीसकट, तेही एखादा राक्षस शाप देतोय अशा आवाजात. "अ गुड फायर" मध्ये शेकोटी आहे आणि आयुष्यात पहिल्यांदा ब्लॅक सॅबथ कानावर पडण्याची आठवण. ते ऐकताना मला माझा स्वतःचा पहिला प्रसंग आठवतो, आणि ज्याचा त्याला आपापला आठवत असणार.

यात खुपतं ते एकच, पंधरा गाणी जास्त होतात. अकरावर थांबले असते तर हा त्यांच्या सर्वोत्तम आल्बमांत गणला गेला असता. मधल्या तीन-चार गाण्यांची नावं मला आजही आठवावी लागतात. शिवाय क्लच हे स्टोनरच्या वेशीवर राहणारे. फझपेक्षा ब्लूज आणि फंकचा ठेका त्यांच्या रक्तात जास्त. ज्याला गाण्यात शब्द लागतात, गोष्ट लागते, त्याने मात्र दुसरीकडे बघूच नये.

फू मांचूंना गोष्टीशी देणंघेणं नाही. गाड्या, स्केटबोर्ड, उडत्या तबकड्या, संपलं. स्कॉट हिलचा आवाज कंटाळलेल्या शेजाऱ्यासारखा सपाट, आणि तोच त्यांचा दागिना. फझ मात्र असा की सगळ्या पंथात त्याची नक्कल होते. कायसचा ड्रमर ब्रँट बियॉर्क काही वर्षं यांच्यात होता, त्यामुळे घराणं अस्सल. आता ड्रम्सवर स्कॉट रीडर आहे. कायसच्या बासवादकाचं नावही स्कॉट रीडरच, पण तो वेगळा माणूस. मी कित्येक वर्षं दोघांना एकच समजत होतो आणि याच्या बहुगुणीपणाचं कौतुक करत होतो.

"क्लोन ऑफ द युनिव्हर्स" ९ फेब्रुवारीला आला. हा आल्बम म्हणजे एकाच पाकिटात दोन माणसांसाठी दोन भेटी. पहिल्या बाजूला सहा छोटी गाणी, मिळून वीसेक मिनिटं. "डोन्ट पॅनिक" तर दोन मिनिटांत उरकतं. आणि तबकडी उलटली की दुसऱ्या बाजूला एकच गाणं, "इल मोस्त्रो अतोमिको", म्हणजे इटालियनमध्ये अणुराक्षस, अठरा मिनिटांचं. त्यात पाहुणा कोण, तर रश बँडचा ॲलेक्स लाइफसन. रशसारख्या काटेकोर, गणिती बँडचा गिटारवादक या गॅरेजातल्या मंडळींत काय करणार अशी मला शंका होती. त्याने शहाणपणाने काही सिद्ध करायचा प्रयत्न केला नाही. रिफ बदलत जातात, मधे थोडंसं गाणं येतं, पुन्हा वाद्यं, आणि त्याची गिटार मागून धुक्यासारखी पसरत राहते.

तबकडीवर ऐकायचा असा हा या यादीतला एकच आल्बम आहे, असं मी हट्टाने म्हणेन. उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची, आणि मग अठरा मिनिटं उठायचं नाही. मोबाइलवर सहाव्या गाण्यातून सातव्यात नकळत घसरता, आणि आपण आता दुसऱ्या खोलीत आलोय हे लक्षातच येत नाही.

क्लच की फू मांचू? शब्द हवेत तर क्लच, आवाज हवा तर फू मांचू. गाडी चालवताना ऐकणार असाल तर फू मांचू, फक्त वेगावर लक्ष ठेवा.

मधला रस्ता

आता ज्याच्यासाठी एवढी प्रस्तावना केली तो आल्बम. अर्थलेस, सॅन दिएगोचे तिघे. "ब्लॅक हेवन", १६ मार्च.

अर्थलेस म्हणजे वीस-वीस मिनिटांच्या, बिनशब्दांच्या गिटारच्या वावटळी, अशीच त्यांची ओळख होती. २००७ च्या आल्बमात मुख्य गाणी दोनच, प्रत्येकी वीसेक मिनिटांची. मग त्यांनी जॉशुआ ट्रीजवळच्या रँचो दे ला लुना या स्टुडिओत, म्हणजे वाळवंटातच, हा आल्बम रेकॉर्ड केला. सहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत. आणि चारांत चक्क गाणं! गिटारवादक आयझाया मिचेल गातो, आणि बरं गातो. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. आमचा बँड विकला गेला वगैरे नेहमीचंच. मीही पहिल्या आठवड्यात मुरडलं होतं.

मग एका संध्याकाळी "इलेक्ट्रिक फ्लेम" नीट ऐकलं. पहिली काही मिनिटं ते सरळ गाणं असतं, कडवं, रिफ, कडवं. आणि मग मिचेल गायचं थांबवतो, पण गाणं थांबत नाही. माइक एगिंटनचा बास एक चार पावलांचं वर्तुळ धरतो आणि सोडतच नाही. त्या वर्तुळावर मिचेल आधी एकाच सुराला ताणून बघतो, मग दोन, मग वाह-वाह पेडल दाबतो आणि ती गिटार बोलायला लागते. मागे मारियो रुबालकाबा. हा एकेकाळचा व्यावसायिक स्केटबोर्डपटू, आणि वाजवतोही उतारावरून सोडल्यासारखा. प्रत्येक फेरीत तो काहीतरी बारीक बदलतो, एक जादा ठोका, एक चुकवलेली झांज. पण सम कधी सोडत नाही. तेव्हा मला उमगलं की यांनी काही सोडलेलं नाही. मोठ्या वाड्याला फक्त एक दिंडीदरवाजा बसवलाय, वाकून आत जाता येईल असा.

म्हणून नवख्याला मी आता हा देतो. यात गाणंही आहे आणि भरकटणंही, शिवाय कुठलंच गाणं दहा मिनिटांवर जात नाही. "व्होल्ट रश" जेमतेम दोन मिनिटांचं, शीर्षकगीत आठ-नऊ मिनिटांचं, आणि या दोन्हींत शब्द नाहीत. एकाच आल्बमात तुमच्या संयमाची चाचणी होऊन जाते. दोष काढायचाच तर फझची जाडी इथे कमी आहे. यांचा कल सत्तरच्या दशकातल्या लखलखीत गिटारकडे जास्त. स्लीपनंतर हा ऐकलात तर अंगावरून शाल काढल्यासारखं वाटेल.

दुःख, धुकं आणि बाकीचे

यॉबचा "अवर रॉ हार्ट" मी या तुलनेत घ्यावा की नाही यावर बराच वेळ घालवला. तो खरं तर डूम, म्हणजे आणखी संथ, काळोखं मेटल. पण २०१८ ची माझी यादी त्याच्याविना अपुरी, म्हणून घेतो. ओरेगनमधल्या युजीनचा माइक शाइट हा यॉबचा कर्ता. २०१७ च्या सुरुवातीला आतड्याच्या गंभीर आजाराने तो मरणाच्या दारात जाऊन आला. आल्बमचा बराच भाग त्याने बरं होता होता लिहिला. त्र्याहत्तर मिनिटं, सात गाणी. "ब्यूटी इन फॉलिंग लीव्ह्ज" सोळा मिनिटांहून मोठं आहे. सुरुवातीला गिटारचे सुटे, स्वच्छ स्वर, इतके हळू की बोट तारेवरून उठल्याचंही ऐकू येतं. आणि मग त्याचा तो आवाज येतो, उंच, थरथरता, जगून परत आलेल्या माणसाचा. मी हे गाणं कधी सहज म्हणून लावलेलं नाही. त्याला दिवस निवडावा लागतो. याच आल्बमात "द स्क्रीन" सारखं तुटक, करवत चालल्यासारखं गाणंही आहे, म्हणजे सगळंच रडणं नव्हे. तरी पहिला आल्बम म्हणून घेऊ नका. चौथा-पाचवा म्हणून अवश्य घ्या.

विंडहँड व्हर्जिनियातल्या रिचमंडचे. डोर्थिया कॉट्रेलचा आवाज गिटारच्या मागे, खूप मागे, विहिरीतून आल्यासारखा. "इटर्नल रिटर्न" चा निर्माता जॅक एंडिनो, सिएटलच्या ग्रंज रॉकमधला जुना हात. या आल्बमाला आधीच्यांपेक्षा चाली जास्त आहेत. गाणाऱ्या बाईचा आवाज हवा असेल तर या यादीत पर्याय हाच. मला मात्र एका बैठकीत तीन गाण्यांपुढे जाववत नाही. सगळी गाणी एकाच राखाडी रंगात बुडवून काढल्यासारखी वाटतात. याच रंगासाठी जीव टाकणारे लोक मला माहीत आहेत, तेव्हा हा दोष माझाही असेल.

नॅशव्हिलचे ऑल देम विचेस त्याच्या नेमके उलटे. "एटीडब्ल्यू" त्यांनी टेनेसीतल्या एका लाकडी घरात रेकॉर्ड केला, निर्माता त्यांचाच गिटारवादक बेन मॅक्लाउड. आवाज मोकळा, जवळचा, चौघे समोर बसून वाजवताहेत असा. "हार्व्हेस्ट फीस्ट" हे दहा मिनिटांहून लांबलेलं ब्लूज आहे. त्यात आवाज चढत नाही, उलट उतरत जातो, आणि शेवटी शेवटी तारेला नुसतं शिवल्यासारखं वाजतं. स्टोनर म्हटलं की ज्यांना भिंत कोसळल्याचा आवाज नको असतो, त्यांना मी हा सुचवतो. उलट भिंत हवी असणाऱ्यांना हा बिनमिठाचा वाटेल.

करोजन ऑफ कन्फॉर्मिटीच्या "नो क्रॉस नो क्राउन" वर फार बोलत नाही. गायक-गिटारवादक पेपर कीनन २००५ नंतर पहिल्यांदाच त्यांच्या आल्बमात परतला, रिफ दणकट आहेत, आल्बम लांबलाय. ज्यांना त्यांचे नव्वदच्या दशकातले आल्बम आवडतात त्यांच्याकडे हा असणारच, आणि ज्यांनी तेच ऐकलेले नाहीत त्यांनी आधी तिकडे जावं.

कशावर ऐकायचं

गिटारच्या खालच्या सी ची कंपनसंख्या ६५ हर्ट्झच्या जवळ. बास त्याच्याही एक सप्तक खाली, ३३ च्या आसपास. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून हे सूर बाहेरच येत नाहीत. वरचे उपस्वर तेवढे येतात आणि मेंदू बाकीचं गृहीत धरतो. म्हणजे स्लीप मोबाइलवर ऐकून "यात काही नाही" म्हणणारा माणूस खरंच बोलतोय, त्याच्यापर्यंत अर्धा आल्बम पोचलेलाच नाही. कानावर बसणारे बरे हेडफोन घ्या, किंवा जरा मोठ्या शंकूचे स्पीकर. क्लच आणि ऑल देम विचेस साध्या साधनावरही तग धरतात. स्लीप, यॉब, विंडहँड अजिबात नाही. आवाज फार वाढवायची गरज नसते. खर्ज पोटात जाणवला की पुरे.

शेवटी, तुम्हाला एकच घ्यायचा आहे असं धरून सांगतो. "ब्लॅक हेवन" घ्या आणि दोनदा ऐका, मधे एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्यांदा ऐकताना चौथं गाणं "व्होल्ट रश" फार लवकर संपलं असं वाटलं, तर पुढचा "द सायन्सेस". पाचवं, शीर्षकगीत, लांबतंय असं वाटलं, तर पुढचा क्लच. दोन्हींपैकी काहीच वाटलं नाही, आल्बम संपलेला कळलाच नाही, तर फू मांचूची तबकडी शोधा आणि दुसऱ्या बाजूने सुरू करा.